पाव इंचाच्या चोराला खुले पत्र

जुन्या कॉमिक्सच्या कडा कातरून ती 'मिंट' (कोरीकरकरीत) म्हणून विकणाऱ्या विक्रेते महाशयांस,

नमस्कार. वर 'सप्रेम' घालायची रीत आहे, पण तुमच्या बाबतीत ते खोटे होईल. खोटेपणाबद्दलच बोलायचे आहे, तेव्हा सुरुवात तरी खरी असू दे. तुमचे नाव इथे लिहीत नाही. या धंद्यात तुम्ही एकटे नाही. कात्री, स्केचपेन आणि ब्लीच घेऊन बसलेले तुमचे बाकीचे व्यवसायबंधूही हे वाचतील, तेव्हा प्रत्येकाने पत्र आपल्याच पत्त्यावर आले असे समजावे.

माझ्या एका स्नेह्याला तुम्ही विकलेला इंद्रजाल कॉमिक्सचा मराठी अंक माझ्यासमोर टेबलावर आहे. सत्तरच्या दशकातला, वेताळाचा. कोपरे टोकदार, कडा सरळसोट, कणा ताठ. 'एकहाती माल आहे, धड उघडलेलासुद्धा नाही,' असे सांगून तुम्ही तो दिलात आणि किंमतही तशीच घेतलीत. मग आम्ही मोजपट्टी काढली. त्याच वर्षातल्या इतर अंकांशेजारी ठेवला, तर हा उंचीला पाव इंच बुटका आणि रुंदीलाही आखूड. मधले पान उघडले, तर पिनांच्या वरखाली शिवणीची छिद्रे. पिना चकचकीत, पण त्यांच्याभोवतीच्या कागदावर गंजाचे जुने डाग. कण्यावर रंग उडालेल्या जागी निळ्या शाईचा हात फिरवलेला, आणि ती शाई मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला पाझरलेली. पहिल्या पानाच्या कोपऱ्यात एक फिकट पट्टा. कधीकाळी तिथे कुणा मुलाने आपले नाव लिहिले असणार.

म्हणजे हा अंक कुणाच्या तरी घरच्या बांधीव खंडातला. तो खंड बांधून घेणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. वर्षभराचे अंक जमले की अशी माणसे ते बाइंडरकडे नेत. तो ते अंक शिवायचा, तिन्ही बाजूंनी कटिंग मशीनवर कापायचा, पुठ्ठा चढवून कण्याला कापड लावायचा. अंक टिकावेत, धाकट्या भावंडांनाही वाचता यावेत, एवढाच त्यामागचा हेतू. त्या कापण्यात लपवाछपवी नव्हती. खंड हातात घेतला की सगळे दिसायचे. तुम्ही तो उसवलात, अंक सुटे केलेत, नव्या पिना मारल्यात, उरलेले तांबूस काठ आणखी छाटलेत आणि त्या मुलाचे नावही धुऊन टाकलेत. एवढी शस्त्रक्रिया करून वर 'या रुग्णाला कधी सर्दीसुद्धा झाली नव्हती' असा दाखला देणारे डॉक्टर आहात तुम्ही.

यात तुम्ही पैसे चोरलेतच, पण त्याहून मोठी चोरी वेगळी आहे. ती तुमच्या हिशेबाच्या वहीत सापडणार नाही, म्हणून सांगतो.

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, माटुंग्याच्या किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर, फोर्टातल्या पुस्तकवाल्यांकडे किंवा गावातल्या एखाद्या रद्दीच्या दुकानात शोधणारा माणूस उभा असतो. गठ्ठ्याची सुतळी सुटते. वरचे अंक बिनमुखपृष्ठाचे, मधले ओल लागून एकमेकांना चिकटलेले. मग एक असा कणा दिसतो की हात थांबतो. आधी कण्यावरच्या बारीक पांढऱ्या सुरकुत्या पाहायच्या. मग कोपरे, मग पिना, मग पानांचा रंग. मधले पान जागेवर आहे का? कोडे कुणी पेनने सोडवले आहे का? मागचे कूपन कापले आहे का? वाचनालयाचा शिक्का कुठे आहे? प्रत्येक पायरीला छाती जास्त धडधडते, कारण कुठल्याही पायरीवर तो अंक बाद होऊ शकतो. आणि एखादा अंक शेवटच्या पानापर्यंत बाद होत नाही! त्या वेळी होणारा आनंद मी दुसऱ्या कुठल्याही खरेदीत अनुभवलेला नाही. पन्नास वर्षांत हजार तऱ्हांनी हा कागद मरू शकला असता आणि तो मेला नाही, हे त्या क्षणी डोळ्यांना दिसते.

कागदाचे मरण किती सोपे असते, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. स्वस्त वृत्तपत्री कागद लाकडाचा यांत्रिक लगदा करून बनवतात, म्हणून त्यात लिग्निन राहते. उजेड आणि हवा लागली की लिग्निन पिवळे पडते. कागदातले आम्ल त्याचे तंतू तोडत जाते, आणि दमट, उष्ण हवेत हे सगळे जास्त वेगाने घडते. हवा कडांवरून आत शिरते, म्हणून कडा आधी तांबूस होतात आणि मग तुकडे पडू लागतात. पाऊस पिना गंजवतो. कसर आणि वाळवी त्यांचा वाटा घेतात. भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये मुखपृष्ठावर शिक्के मारतात, कण्याला चिकटपट्टी लावतात. परीक्षा जवळ आली की कुणाची तरी आई सगळा गठ्ठा रद्दीवाल्याला देऊन टाकते. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात इतके पावसाळे काढून एखादा अंक कोराकरकरीत राहिला, तर त्यामागे कुणाची तरी कोरडी ट्रंक, कुणाची तरी शिस्त आणि भरपूर नशीब असते.

आणि हा कागद जपण्यासारखा आहे. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि १९९० मध्ये ते बंद पडले. तोवर आठशेहून अधिक अंक निघाले होते. ली फॉकने १९३० च्या दशकात अमेरिकी वर्तमानपत्रांसाठी निर्माण केलेले वेताळ आणि मॅन्ड्रेक इथे मराठी बोलू लागले. १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा बहादूर आला आणि परक्या नायकांच्या रांगेत आपला एक माणूस उभा राहिला. मुलांची चित्रकथा म्हणून अशा अंकांना मोठ्या ग्रंथालयांत सहसा मान मिळाला नाही. जे जपले ते घरांनी आणि संग्राहकांनी. म्हणून चांगली प्रत हा एक पुरावा असतो. तेव्हा छपाई कशी होती, रंग किती गडद होते, अंकाचा आकार काय होता, मलपृष्ठावर कोणती जाहिरात होती, तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ कशी होती, हे सारे त्यातून कळते. तुमची कात्री त्या पुराव्यावर चालते. तळाची ओळ अर्धी कापली गेली, चित्राच्या चौकटीची कड गेली, तरी तुम्हाला कोपरा टोकदार झाल्याचेच समाधान.

तुम्ही अमेरिकेतल्या लिलावांचे आकडे गिऱ्हाइकांना तोंडपाठ म्हणून दाखवता असे कानावर आले. १९३८ मध्ये १० सेंटला मिळणारे 'ॲक्शन कॉमिक्स'चे पहिले पुस्तक, ज्यात सुपरमॅन पहिल्यांदा दिसला, त्याची ९.० दर्जाची प्रत २०१४ मध्ये ३२ लाख डॉलरना गेली आणि ८.५ दर्जाची दुसरी प्रत २०२४ मध्ये ६० लाखांना. आकडे बरोबर आहेत. पण त्याच बाजाराने तुमच्यासारख्यांचे काय केले, ते तुम्ही सांगत नाही. २००० साली तिथे सीजीसी ही कंपनी सुरू झाली. विकणारा आणि घेणारा यांच्याबाहेरचे तज्ज्ञ प्रत तपासतात, १० पैकी दर्जा देतात आणि ती प्लॅस्टिकच्या बंद पेटीत घालतात. रंग भरलेला किंवा कडा छाटलेल्या आढळल्या, की नेहमीच्या निळ्या लेबलाऐवजी जांभळे लेबल लागते. त्याआधी अनेक विक्रेते अशी डागडुजी सर्रास करत आणि तिची फारशी वाच्यता होत नसे. जांभळे लेबल आले आणि चकाचक दिसणाऱ्या कितीतरी प्रतींची किंमत कोसळली. दिसायला सुंदर पण छाटलेल्या प्रतीपेक्षा, कोपरे झिजलेली पण अस्सल प्रत तिथला जाणता संग्राहक आनंदाने घेतो.

त्याच देशातली एक गोष्ट तुम्ही जरूर ऐकावी. कोलोरॅडोतल्या डेन्व्हर शहरात एडगर चर्च नावाचा व्यावसायिक चित्रकार राहायचा. तो वर्षानुवर्षे कॉमिक्स विकत घेत गेला आणि घरात रचत गेला. १९७७ मध्ये चक रोझान्स्की या विक्रेत्यापर्यंत तो साठा पोहोचला. त्यात १९३० आणि ४० च्या दशकातली हजारो पुस्तके होती. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत त्या काळातली असंख्य कॉमिक्स लगद्यात गेली होती, आणि इथे ती घट्ट रचलेल्या थप्प्यांत, कोरड्या थंड हवेत, पांढऱ्या पानांसह शाबूत होती. आजही त्या संग्रहातली प्रत म्हटली की खरेदीदार आदराने बोलतात. त्या आदराचे कारण साधे आहे: त्या पानांना कुणी सुधारायला गेले नाही.

आता तुमच्या सबबी. त्या मी बाजारात अनेकदा ऐकल्या आहेत.

'गिऱ्हाइकालाच चकाचक हवे असते.' हवे असते, आणि चकाचक म्हणजे हात न लावलेले अशी त्याची समजूत असते, म्हणून तो जास्त पैसे देतो. ती समजूत खोटी आहे हे तुम्हाला माहीत असते आणि त्याला नसते. तुमचा नफा बरोबर तेवढ्या फरकातून येतो.

'दुरुस्ती तर संग्रहालयेही करतात.' करतात. फाटलेले पान पातळ जपानी कागदाने आणि पुन्हा सोडवता येईल अशा खळीने जोडतात, आणि काय केले त्याची नोंद ठेवतात. तुम्ही कापलेली कड कोणता तज्ज्ञ पुन्हा जोडणार आहे? आणि तुमची नोंद कुठे आहे?

'पोरांच्या चित्रपुस्तकाला एवढे काय?' हे वाक्य मला सगळ्यांत जास्त झोंबते. ज्या मालाला तुम्ही क्षुल्लक म्हणता, त्याच्यासाठी माझ्या स्नेह्याकडून तुम्ही क्षुल्लक रक्कम घेतली नाहीत. लहानपणी हरवलेला तोच अंक तो अनेक वर्षे शोधत होता. मोजपट्टी लावल्यावर त्याने अंक मिटला आणि म्हणाला, आता आधीच्या अंकांवरचाही माझा विश्वास उडाला. तुमची मोठी चोरी ही. तुम्ही एक खोटा अंक विकलात आणि त्याच्या कपाटातले सगळे खरे अंक संशयित करून ठेवलेत. यापुढे एखाद्या गठ्ठ्यात ताठ कणा दिसला, तर त्याच्या मनात आधी शंका येईल आणि आनंद मागून येईल, आला तर.

म्हणून आता शोधणाऱ्यांनीही तयार होऊन यावे, असे मी उघडपणे सांगतो. खिशात मोजपट्टी ठेवा आणि आपल्याकडच्या खात्रीच्या अंकांची मापे लिहून ठेवा. जुन्या वृत्तपत्री कागदाचे पान कडेला तांबूस आणि आत उजळ असते. कडेपर्यंत एकच रंग दिसला तर विचारा. मधल्या पानावर जादा छिद्रे शोधा. अस्सल अंकात पिन नवी आणि गंज जुना असे कधी नसते. मुखपृष्ठ आतून पाहा, पाझरलेला रंग तिथे सापडतो. आजच्या बहुतेक पांढऱ्या कागदात उजळपणा आणणारी रसायने असतात, त्यामुळे रंगीत झेरॉक्स काढलेले मुखपृष्ठ अतिनील टॉर्चखाली निळसर चमकून उठते. भिंगाखाली जुन्या छपाईचे ठिपकेही वेगळे दिसतात. एवढी तपासणी करू न देणारा विक्रेता भेटला, तर पैसे परत खिशात घाला.

आणि महाशय, तुमच्यासाठी मागणे फार नाही. माझ्या स्नेह्याचे पैसे परत करा. दुकानातले बाकीचे अंक स्वतः तपासा. काय कुठे केले आहे ते तुमच्याइतके कुणालाच ठाऊक नाही. प्रत्येक पिशवीत एक चिठ्ठी ठेवा: बांधीव खंडातून काढलेला, कडा कापलेल्या, पिना नव्या, कण्यावर रंग. त्याखाली सही करा आणि त्या स्थितीला साजेशी किंमत लिहा. कापलेला अंकही वाचता येतो, त्यातला वेताळ तितकाच जोरात धावतो, आणि कमी पैशांत तो घेऊ पाहणारी मुले आणि म्हातारे पुष्कळ आहेत. त्यांना खरे सांगून विकलेत तर तुमचे दुकान चालेल आणि आमचा शोधही.

ज्या दिवशी अशी सही केलेली पहिली चिठ्ठी तुमच्या दुकानात लागेल, त्या दिवशी मी स्वतः येऊन तो कापलेला अंक विकत घेईन, घासाघीस न करता.

कळावे, लोभ आवरावा.

जुन्या अंकांचा एक शोधक