वाघबीळ ते उद्यमनगर : हरवलेल्या गारव्याचा माग

पिकअपच्या केबिनमधला गारवा कमी होणे या व्याधीला कोल्हापुरात निदानाची गरज भासत नाही, कारण ते आधीच ठरलेले असते. उद्यमनगरात गाडी उभी राहून बॉनेट उघडण्याच्या आत "गॅस संपलाय बघा, मालक" हे वाक्य उच्चारून झालेले असते आणि त्यावर शंका घेणे गुळव्याला पाकाची पारख शिकवण्याइतके उद्धटपणाचे मानले जाते. वस्तुतः गॅस, म्हणजे नळ्यांच्या बंद चक्रात फिरणारा शीतक पदार्थ, डिझेलसारखा जळून संपत नाही; तो कमी झाला असेल तर कोठेतरी गळती आहे एवढाच त्याचा अर्थ, आणि ती न शोधता तो भरत राहणे म्हणजे फुटक्या घागरीत पंचगंगा ओतणे होय.

या यंत्रणेचे तत्त्व समजावून घेण्यासाठी गुऱ्हाळासारखी दुसरी प्रयोगशाळा नाही. काहिलीत उसाचा रस उकळताना त्यातील पाण्याची वाफ होते आणि ती चुलवाणाची उष्णता सोबत घेऊन जाते. डॅशबोर्डमागे दडलेली इव्हॅपोरेटर नावाची जाळीदार पेटी हेच काम करते, फरक इतकाच की आर-१३४ए हा शीतक साध्या हवेच्या दाबाला उणे २६ अंशांवरच उकळतो, त्यामुळे त्याला चिपाडाचा जाळ लागत नाही, चालकाच्या अंगाची ऊब पुरते. ही वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबल्याने ती तापते, आणि रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरमध्ये आपली उष्णता बाहेरच्या वाऱ्याला देऊन पुन्हा द्रव होते. सारा कारभार त्या वाऱ्यावर चालतो, ही गोष्ट पुढील प्रवासात ध्यानात ठेवावी.

मालवाहनाच्या चालकाला घाम येतो याची दखल कायद्याने अलीकडेच घेतली. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या एन-२ आणि एन-३ या वर्गांतील, म्हणजे साडेतीन टनांहून अधिक एकूण वजनाच्या, ट्रकांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली. साडेतीन टनांच्या आतली पिकअप या सक्तीतून सुटली. तिच्या चालकाला घाम कमी येतो असे शास्त्राने सिद्ध केलेले नाही, आणि कागदावरचे साडेतीन टन गुळाच्या हंगामात कागदावरच राहतात, हा भाग निराळा.

गुळाचे रवे भरून वाघबिळाहून शाहू मार्केट यार्डाकडे निघालेली अशी पिकअप केर्लीपर्यंतच्या मोकळ्या रस्त्यावर उत्तम गार असते, इतकी की चालक काच वर करून गाण्याचा आवाज वाढवतो. पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आडवा येतो, त्याच्या टेपचा आवाज पिकअपच्या गाण्याला गिळतो, वेग बैलगाडीवर येतो आणि झरोक्यांतून येणारी हवा कोमट होऊ लागते. शिवाजी पुलाच्या कोंडीत तर ती थेट चुलवाणावरून आल्यासारखी भासते. पूल ओलांडून वेग मिळाला की गारवा परततो. जाणत्याला निदानासाठी एवढा प्रवास पुरेसा आहे: गॅस कमी असता तर मोकळ्या रस्त्यावरही तक्रार राहिली असती, हवा गार पण बेताचीच येती तर केबिनच्या फिल्टरवर किंवा ब्लोअरवर संशय घ्यावा लागता, आणि आतली नळी बर्फासारखी असून हवा मात्र गरम येती, तर हीटरची झडप उघडी अडकली असे समजता आले असते. धावताना गार आणि थांबताना गरम याचा सरळ अर्थ कंडेन्सरला वारा मिळत नाही असा होतो.

उद्यमनगरात मात्र हा प्रवास कोणी विचारात घेत नाही. तेथे दोन घड्याळे जोडली जातात, एक निळे आणि एक तांबडे. तांबड्याच्या जोडीला पांढरे असावे या कोल्हापुरी समजुतीला धक्का देणारी ही एकमेव जागा असावी. निळे कमी दाबाचे, तांबडे जास्त दाबाचे. इंजिन बंद असताना तीस अंशांच्या हवेत दोन्ही काटे शंभर पीएसआयच्या जरा अलीकडे एकत्र स्थिरावतात आणि त्यावरून गॅस भरपूर आहे की चमचाभर उरला आहे हे कळत नाही, कारण आत थोडासा द्रव शिल्लक असेपर्यंत दाब तेवढाच राहतो. इंजिन चालू केल्यावर तांबडा काटा तीनशेच्या पुढे चढला आणि निळाही वर सरकला, तर उष्णता बाहेर पडत नाही हे उघड होते. अशा वेळी आणखी गॅस भरणे म्हणजे अजीर्ण झालेल्या पाहुण्याला रश्श्याची आणखी एक वाटी वाढणे. ती वाढली जातेच, कारण आग्रह हा येथील स्वभाव आहे.

पुढची जाळी काढल्यावर जे दिसते ते भूगोलाच्या पुस्तकात घालण्याजोगे असते. कंडेन्सरच्या पातळ पत्र्यांत उसाचे पाचट विणल्यासारखे बसलेले, त्यावर गुऱ्हाळाच्या धुराड्यातली काजळी, काजळीत चिकटलेले पतंग, आणि सर्वांवर जोतिबाच्या चैत्र यात्रेतल्या गुलालाचा गुलाबी थर. धुण्याच्या केंद्रावर या थरावर पाण्याचा जोरदार फवारा मारला जातो, तेव्हा गुलाल जातो पण पत्रे आडवे होऊन वाऱ्याची वाट कायमची बुजते. हलक्या धारेने आतून बाहेर धुणे हा उपाय फुकटचा असल्यामुळे त्यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

तरीही एखादी पिकअप अशी धुतली जाते आणि शिवाजी पुलाच्या कोंडीतही गार राहते. ही बातमी वाघबिळात त्याच संध्याकाळी पोहोचते, आणि दुसऱ्या दिवशी जेथे चालक व मालक असे दोघे बसत तेथे मालकाचा मेहुणा, मार्केट यार्डात काम असलेला शेजारी आणि दवाखान्यात निघालेली त्याची आई अशी पाच माणसे दाटीने बसतात. स्वस्थ बसलेला माणूस सुमारे शंभर वॅट उष्णता देतो, म्हणजे केबिनमध्ये तीनशे वॅटची जादा भर पडते. केर्लीच्या आतच हवा कोमट वाटू लागते, आणि मागच्या बाजूने मेहुणा ठामपणे सांगतो की गॅस संपलाय.