मोटरला सांगायचं कोणी?

इलेक्ट्रिक सायकल घेतलेल्या माणसाला पुण्यात तीन प्रश्न ठरलेले असतात. एका चार्जिंगमध्ये किती जाते? पळते किती? केवढ्याला पडली? थांबते कशी, हे विचारणारा मला अजून भेटायचा आहे.

खरं तर हिशेब डोळे उघडणारा आहे. स्वार, सायकल आणि बॅटरी मिळून शंभर किलो धरा. ताशी 25 किलोमीटरवरून सिग्नलला थांबताना सुमारे 2,400 ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तेच वजन सिंहगडाच्या घाटात शंभर मीटर खाली आलं की आकडा जातो 98,000 वर. त्यातला काही भार वारा आणि रस्ता उचलतात. उरलेला सगळा ताप जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या डिस्कच्या डोक्याला!

माझ्या सायकलचा मागचा लिव्हर दाबला की थेट मुठीला टेकायला लागला आणि कॅलिपरखाली तेलाचा ओघळ दिसला, तेव्हा ब्रेकचा नवा संच आणायचं ठरलं. लिव्हरमधल्या लहान दट्ट्याने तेल रेटायचं आणि त्या तेलाने कॅलिपरातल्या मोठ्या दट्ट्यांवर कैक पट जोर लावायचा, हा पास्कलचा नियम शाळेत पाठ केलेला. त्यामुळे ब्रेक म्हणजे ब्रेक, अशी माझी समजूत. दुकानदाराने मात्र माझीच उलटतपासणी घेतली.

तेल कुठलं? शिमानो, टेक्ट्रो, मागुरा यांना मिनरल ऑइल लागतं, तर स्रामच्या बऱ्याच ब्रेकांना डॉट फ्लुइड. एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली सीलं गेलीच म्हणून समजा. डिस्क 160 ची की 180 ची? हबला सहा बोल्टची की सेंटरलॉक? कॅलिपर पोस्ट माउंट की फ्लॅट माउंट? आणि पुढचा ब्रेक कुठल्या हाताला? आपल्याकडे तो उजव्या हाताला असतो, अमेरिकेत डाव्या. त्या पद्धतीचा तयार संच आणला की उजव्या लिव्हरची नळी मागच्या चाकापुरती लांब निघते. मग नळी कापा, तेल भरा, हवेचे बुडबुडे काढत बसा.

हे सगळं जमल्यावर दुकानदाराने चष्मा कपाळावर चढवून विचारलं, "काका, कटऑफची वायर दोन पिनांची आहे का तीन?"

इलेक्ट्रिक सायकलच्या लिव्हरात एक इवलासा स्विच असतो. लिव्हर जरा हलला की तो कंट्रोलरला कळवतो आणि मोटर गप्प होते. साध्या लिव्हरला हा निरोप देता येत नाही. पाय थांबवले तरी काही मोटरी क्षणभर जोर लावतच राहतात. म्हणजे ब्रेक अडवतोय आणि मोटर ढकलतेय. अशा वेळी ब्रेक कितीही महागाचा असो, त्याची अर्धी ताकद घरच्याच भांडणात जाते.

निवृत्तीनंतर सगळे व्याप सोडायचं ठरवलेल्या गृहस्थांचं असंच होतं. त्यांचा निश्चय पक्का असतो, पण सोसायटीचं सेक्रेटरीपद, भाच्याच्या मुंजीची यादी आणि कुणाचं तरी बँकेतलं काम मागून रेटतच असतात. आपण थांबतोय हे त्या मंडळींना कोणी कळवलेलंच नसतं. थांबायचं तर आधी ढकलणाऱ्याला सांगायला हवं. मी गुमान मिनरल ऑइलचा, 180 च्या डिस्कचा आणि जुळणाऱ्या पिनांचा संच घेतला.

पण नवे पॅड लगेच धरत नाहीत. मोकळ्या रस्त्यावर वेग घ्यायचा, हळूहळू ब्रेक लावायचा, पुन्हा वेग घ्यायचा, असं बरंच केलं की ते डिस्कवर नीट बसतात. कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर माझा हा उद्योग चालू असताना क्रिकेट खेळणारा एक मुलगा बॅट टाकून कळवळून धावत आला.

"काका, सारखी बंद पडतेय का? ढकलू?"