कॉर्नरवाले काका

गोव्याला निघालेल्या प्रत्येक गटात एक कॉर्नरवाले काका असतातच. मिरामारला सगळे पाण्यात, आणि हे ओल्या वाळूत बोटाने चौकटी आखतायत. चार चौकटी मिळतात तिथे शिंपला ठेवून विचारणार, "सांग, हा कुणाच्या घरात?"

"कुणाच्याच नाही."

"चूक! चौघांच्या!"

आमचे काका निवृत्त बँकवाले. पणजीला मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटीवर एकदा गेले आणि रुलेटमधला कॉर्नर डोक्यात घेऊनच उतरले. चार आकड्यांच्या सांध्यावर एक चिप. 17, 18, 20, 21 यांतलं काहीही लागो, एकास आठ. तेव्हापासून चार फरश्यांचा सांधा दिसला की काकांचा हात खिशात जातो. लग्नाच्या हॉलमध्ये सुपारी. डॉक्टरांकडे खोकल्याची गोळी. एका तेराव्याला बुंदीचा लाडू ठेवला, तर पाहुणे त्याला हात जोडून, वळसा घालून पुढे गेले.

बरं, माणूस भाबडा नाही. हिशेब तोंडपाठ. "चाकावर शून्य धरून 37 घरं. 37 वेळा 100-100 लावलेस तर कॉर्नर सरासरी चारदा लागणार, दर वेळी लावलेले 100 धरून 900 हातात. गेले 3700, आले 3600. एका आकड्यावर लाव नाहीतर सहांवर, तूट तीच."

"मग ते 100 दारातच देऊन या," काकू म्हणाल्या. "जेवायला तरी वेळेवर याल."

"ते राहू दे. कॉर्नर कळला का तुला?"

कळला म्हणालात तर मेलात. कारण पुढचा धडा असतो 'शून्याचे शेजारी'. कापडावर 17 आणि 20 एकाच कॉर्नरचे भागीदार. चाकावर 17 बसतो 25 आणि 34 यांच्या मध्ये आणि 20 पार दुसरीकडे. म्हणून चाकावर शून्याच्या आजूबाजूचे, शून्यासकट, 17 आकडे घ्यायचे, त्यांवर 9 चिपा लावायच्या, त्यांतल्या दोन... इथवर आजतागायत कुणी टिकलेलं नाही.

गेल्या खेपेला बोटीवर एक कोवळा पोरगा हरला की दुप्पट लावत होता. कपाळावर घाम, मित्र केव्हाच पांगलेले. काकांनी त्याचा दंड धरला आणि सरळ जेवणाच्या टेबलाशी नेलं. ताटात पनीरचे चार तुकडे जुळवले, सांध्यावर मटार ठेवला. "सांग, हा कुणाचा?" मग 37 घरं, 3700, 3600, सगळं साग्रसंगीत. पाऊण तास! तेवढा वेळ पोराच्या खिशातलं उरलंसुरलं खिशातच राहिलं. अखेर तो जांभया देत उठला आणि किनाऱ्याकडे निघालेल्या होडीत जाऊन बसला.

मला काकांचं कौतुक वाटलं. नाइलाजाने, पण वाटलं. म्हटलं, "काका, मुद्दाम अडवलंत ना त्याला?"

काका भडकले. "अडवलं कसलं? शून्याचे शेजारी सांगायचे राहिले, आणि पळाला लेकाचा!"