सॉफ्टवेअरची उमेदवारी कशी करावी: विश्रांतवाडीकरांसाठी सूचनापत्र

आधी पदवी घ्यावी आणि मग नोकरीसाठी वणवण करावी, ही रीत आता जुनी झाली. पदवी चालू असतानाच कंपनीत उमेदवारी करावी, म्हणजे एका तिकिटात दोन खेळ, अशी नवी रीत आली आहे. कायदा मात्र जुनाच आहे. शिकाऊ उमेदवार अधिनियम 1961 साली झाला, तेव्हा उमेदवाराच्या हातात कानस आणि समोर लेथ असे. त्याच कायद्याच्या छत्राखाली आज पोरे लॅपटॉप उघडून बसतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार तीन वर्षांच्या पदवीत एक ते तीन सत्रे आणि चार वर्षांच्या पदवीत दोन ते चार सत्रे कंपनीत काढता येतात. ती काढावीत कशी, एवढेच आयोगाने सांगितलेले नाही. ती उणीव हे सूचनापत्र भरून काढते.

सूचना पहिली: घरी कसे जाहीर करावे

बातमी सांगताना 'शिकाऊ' म्हटले तर आईचा चेहरा उतरतो. 'कंपनी' म्हटले तर संध्याकाळपर्यंत टिंगरेनगरच्या मावशीचा अभिनंदनाचा फोन येतो. मधला मार्ग उपलब्ध नाही. मामा "पर्मनंट का?" असे विचारेल. त्याला कलम 22 सांगावे: प्रशिक्षण संपल्यावर उमेदवाराला कामावर घ्यायचे की नाही, याचे धोरण ज्या त्या मालकाने ठरवायचे असते. मामा "म्हणजे नाही" म्हणेल. मामा कायदा शिकलेला नाही, पण जग पाहिलेला आहे.

आजी पगार विचारेल. त्याला विद्यावेतन म्हणतात, हे तिला समजावण्यात वेळ घालवू नये. 2019 च्या नियमांत पदवीच्या उमेदवाराला महिना किमान 9,000 रुपये ठरले. ते 12,300 करावेत अशी शिफारस शिकाऊ उमेदवारीच्या केंद्रीय परिषदेने मे 2025 मध्ये केली. मात्र धानोरीत कॉट बेसिसवर राहणाऱ्याने घरमालकाला शिफारशीची प्रत दाखवू नये. तो भाडे रोख मागतो.

सूचना दुसरी: कागद जमवावेत

शिकाऊ उमेदवारीच्या केंद्र सरकारी 'नॅट्स' पोर्टलवर नाव नोंदवावे. तेथे पहिली अडचण नावाचीच येते. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते, आधारवर शेवटी, आणि बँकेत वडिलांचे नाव नुसत्या आद्याक्षरावर उरकलेले असते. तिन्ही ठिकाणी आपण एकच माणूस आहोत हे सिद्ध करावे. आळंदी रोडवरच्या सामाजिक न्याय भवनात जात पडताळणीसाठी ज्यांनी खेटे घातले आहेत, त्यांना ही सूचना वाचण्याची गरज नाही. त्यांचे प्रशिक्षण झालेले आहे.

सूचना तिसरी: कंपनी निवडावी

तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. त्यामुळे निवड झाली की लगेच स्वतःला गुणवान समजू नये. कदाचित मार्चअखेर टक्का भरायचा राहिला असेल. मुलाखतीच्या शेवटी "काही विचारायचे आहे का?" असे विचारतात, तेव्हा मान हलवून हसण्याची प्रथा मोडावी आणि तीन गोष्टी विचाराव्यात: शिकवणार कोण, काम कशावर, आणि करार पोर्टलवर नोंदणार कधी. तिसऱ्या प्रश्नाला एचआरचा आवाज बदलला तर कान टवकारावेत.

मोठ्या घरांचे नमुनेही पाहावेत. विप्रोने 1995 मध्ये बिट्स पिलानीबरोबर नोकरी आणि शिक्षण यांची सांगड घातली. एचसीएलने 2017 पासून 'टेकबी'मधून बारावीच्या मुलांना घ्यायला सुरुवात केली. अशा योजनांचे माहितीपत्रक एकदा वाचावे. त्यामागचा करार दोनदा वाचावा. बाँडचे कलम वडिलांनाही वाचून दाखवावे, कारण सही बहुधा त्यांनाही करावी लागते.

अंतराचाही विचार करावा. येरवडा आणि खराडी आपल्या अंगाला आहेत. हिंजवडी जगाच्या पलीकडे आहे. संगमवाडी ते विश्रांतवाडी बीआरटी 30 ऑगस्ट 2015 रोजी सुरू झाली, पण ती संगमवाडीपर्यंतच नेते. पुढचे शहर ज्याचे त्याने पार करावे.

सूचना चौथी: पहिला महिना

पहिल्या दिवशी गळ्यात आयडी कार्ड येते. लॅपटॉप आठवड्याने येतो. लॅपटॉपमध्ये शिरण्याचा ॲक्सेस त्यानंतर येतो आणि त्यासाठी जे तिकीट टाकायचे, ते टाकण्याचा ॲक्सेस आपल्याकडे नसतो. या काळात डॉक्युमेंटेशन वाचावे. ते तीन वर्षांपूर्वी कंपनी सोडून गेलेल्या कोणीतरी लिहिलेले असते, म्हणून श्रद्धेने वाचावे.

मग खरे काम येते. ते एक्सेलमध्ये असते. हातपाय गाळू नयेत. टेस्टिंगच्या ओळी भरता भरताच सिस्टीम कुठे मोडते ते कळते आणि शिकण्याचा खरा दरवाजा तोच आहे. सीनियरला प्रश्न विचारण्यापूर्वी आपण काय करून पाहिले ते लिहून न्यावे. "सर, चालत नाहीये" हा प्रश्न नव्हे. फुलेनगरच्या आरटीओजवळ गाडी शिकणाऱ्याच्या मागे लाल 'एल' असतो, म्हणून निदान मागचे लोक हॉर्न जपून वाजवतात. शिकाऊ प्रोग्रामरला पाटी मिळत नाही. गिटमध्ये प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचे नाव राहते आणि ते दाखवणाऱ्या आज्ञेचे नावच 'ब्लेम' आहे.

सूचना पाचवी: सकाळची मीटिंग

स्टँड-अपमध्ये काल काय केले, आज काय करणार आणि अडले कुठे, एवढेच सांगावे. नेमके आपल्या पाळीला लोहगावहून सुखोई उठते. म्यूट करावे, विमान जाऊ द्यावे, पुन्हा सुरू करावे. बंगळुरूचा मॅनेजर दर वेळी दचकतो, विश्रांतवाडीकर दचकत नाही.

ज्येष्ठात माउलींची पालखी आळंदीहून पुण्याकडे विश्रांतवाडीवरून जाते. त्या दिवसाची सूचना टीमला आठवडाभर आधी द्यावी. कारणाच्या रकान्यात 'ट्रॅफिक' लिहू नये. ते वाचून कोणीतरी दुसरा रस्ता सुचवतो.

सूचना सहावी: कायदा तोंडपाठ ठेवावा

कलम 18 प्रमाणे शिकाऊ उमेदवार प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. पगाराच्या दिवशी हे कलम सर्वांच्या लक्षात असते. शुक्रवारी संध्याकाळी सातला रिलीज अडले, की तेच सर्वजण विसरतात आणि "यू आर पार्ट ऑफ द टीम" असे प्रेमाने सांगतात. तेव्हा कलम 15 आठवावे: शिकाऊ उमेदवाराला जादा वेळ थांबवायचे तर शिकाऊ उमेदवारी सल्लागाराची मंजुरी लागते. हे मीटिंगमध्ये मोठ्याने म्हणू नये. मात्र थांबलोच, तर काय शिकायला मिळणार ते आधी विचारून घ्यावे आणि उशिरापर्यंत बसलेले तास स्वतःच्या वहीत तारखेसह लिहावेत.

सूचना सातवी: कॉलेज

कंपनीचा हिशेब कॉलेज नेमका उलटा करते. फीच्या दिवशी आपण पूर्णवेळ विद्यार्थी असतो. लेक्चरच्या दिवशी मात्र "तुम्ही कंपनीत आहात ना?" असे विचारले जाते. लॉगबुकवर कंपनीचा शिक्का लागतो आणि शिक्का ज्यांच्या कपाटात असतो, ते नेहमी रजेवर असतात. म्हणून सह्या दर आठवड्याला घ्याव्यात. सत्राच्या शेवटी एकदम घेतलेल्या वीस सह्या एकाच शाईच्या निघतात आणि गाइड मंडळींची नजर फक्त तेवढ्याच बाबतीत तीक्ष्ण असते. क्रेडिट खात्यावर जमा झाली का, हे स्वतः पाहावे.

सूचना शेवटची: सावधान

येथे चेष्टा संपते. "आधी डिपॉझिट भरा, मग अप्रेंटिसशिप आणि शंभर टक्के प्लेसमेंट" असे सांगणारे क्लास आणि कन्सल्टन्सी शहरभर आहेत. त्यांच्या प्रमाणपत्राला सोनेरी किनार असते, करार क्रमांक नसतो. खऱ्या उमेदवारीत करार पोर्टलवर नोंदला जातो, विद्यावेतन बँक खात्यात येते, आणि 'नॅट्स'मध्ये किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलते. सही करण्यापूर्वी करार क्रमांक मागून घ्यावा. कंपनी तुम्हाला कधी विद्यार्थी म्हणेल, कधी टीममेंबर म्हणेल. तुम्ही काय आहात ते त्या कागदावर लिहिलेले असते. शिकवणाऱ्याने शिकणाऱ्याला पैसे द्यावेत, असे हा कायदा सांगतो. जो उलट मागतो, त्याच्या दारातून परत फिरावे.