इतिहासाला शिकवणी कशाला?

बोईसर स्टेशनला उतरून नवापूर रोडने चालू लागा आणि डोक्यावरचे फलक वाचत जा. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स. जेईई, नीट, सीईटी. गेल्या वर्षीच्या गुणवंतांचे फोटो. पालघरला माहीम रोडवरही वेगळं काही नाही. आता याच रस्त्यांवर एक साधी चौकशी करा. मुलगी अकरावीला कला शाखेत आहे, जगाचा इतिहास तिला मुळापासून शिकायचाय, शिकवणारं कोणी आहे का? बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : "इतिहासाला शिकवणी कशाला? वाचून होतो की!"

होत नाही. वाचून पास होता येतं, इतिहास येत नाही.

पहिल्या महायुद्धाची कारणं विचारा. मुलं पाच मुद्दे धडाधड सांगतील. साम्राज्यवाद, लष्करवाद, गुप्त करार, आक्रमक राष्ट्रवाद आणि शेवटी साराजेव्होचा खून. आता पुढचा प्रश्न टाका. या पाचांतलं सर्वांत वजनदार कारण कोणतं, आणि कशावरून? वर्ग गप्प होतो. मुलं मठ्ठ असतात म्हणून नव्हे. कारणांची तुलना करायची असते, एखाद्या कारणाच्या बाजूने पुरावा मांडायचा असतो, समोरच्याचा पुरावा खोडून काढायचा असतो, हे त्यांना कोणी करायलाच लावलेलं नसतं. गाइडमध्ये पाच मुद्दे होते, पेपरात पाच मुद्दे लिहिले, गुण मिळाले, विषय संपला.

गणितात उत्तर चुकलं की लगेच कळतं. इतिहासात विचार चुकला तरी उत्तर छान दिसतं. अक्षर सुंदर, सन बरोबर, समास आखलेला. त्यातली पोकळी ओळखायला ते उत्तर ओळ न् ओळ वाचणारा माणूस लागतो. इतिहासाच्या शिक्षकाचं मुख्य काम हेच आहे, आणि हाच माणूस आपल्याकडे सापडत नाही. नोट्स देणारे सापडतात, व्हिडिओ हवे तेवढे सापडतात. मुलीची वही घेऊन तासभर बसणारा आणि "हे वाक्य तू कशाच्या आधारावर लिहिलंस?" असं विचारणारा सापडत नाही.

एमआयडीसीत नोकरी करणाऱ्या बोईसरच्या एका वडिलांनी मला विचारलं, "फी द्यायला तयार आहे, माणूस सांगा." मुलीला पुढे यूपीएससी द्यायची आहे. मुख्य परीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पहिल्या पेपरात 2013पासून जगाचा इतिहास आहे. औद्योगिक क्रांती, महायुद्धं, वसाहतवाद आणि त्याचा अंत, साम्यवाद, भांडवलशाही, समाजवाद. मी त्यांना दोन नावं दिली. दोघंही मुंबईची. डहाणू लोकलने जायला दोन तास, यायला दोन तास. अकरावीच्या मुलीने हे कॉलेज सांभाळून करायचं? ऑनलाइन शिका, असं सुचवणं सोपं आहे. पण पडद्यावर दोनशे जणांचा वर्ग असेल तर तिची वही वाचणार कोण?

न्यू जर्सीत किंवा कॅलिफोर्नियात वाढणाऱ्या मराठी घरांतली मुलं शाळेत असतानाच एपी वर्ल्ड हिस्टरी नावाचा वरच्या पातळीचा अभ्यासक्रम घेतात. तो साधारण 1200 सालापासून सुरू होतो. त्याच्या परीक्षेत एका प्रश्नाबरोबर सात कागद देतात. पत्र, फर्मान, चित्र, आकडेवारी, असं काहीही. ते वाचायचे, कोणी कोणासाठी आणि कशाला लिहिले ते ओळखायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. वेळ एक तास. पाठांतराचा तिथे फारसा उपयोग नाही. मला तो अभ्यासक्रम इथे आणायचा नाही. सतरा वर्षांच्या मुलाकडून एवढी अपेक्षा ठेवता येते, इतकंच दाखवायचं आहे. आपली मुलं त्याहून कमी नाहीत. अपेक्षा आपण कमी ठेवली आहे.

आणि पालघर जिल्ह्यात बसून जगाचा इतिहास शिकवायला माणूस मिळू नये, याचं मला फार वाईट वाटतं. कारण त्या इतिहासाची साधनं इथे दारात पडली आहेत.

तारापूरच घ्या. राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात शीतयुद्धावर प्रकरण आहे. मुलं ट्रुमन, नाटो, वॉर्सा करार, क्युबा पाठ करतात. शीतयुद्धाची एक ठसठशीत खूण त्यांच्या घरापासून बसच्या अंतरावर उभी आहे. भारत आणि अमेरिका यांच्यात 1963 साली करार झाला. अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या दोन अणुभट्ट्या इथे बसल्या आणि 1969च्या ऑक्टोबरात देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. इंधन अमेरिका पुरवणार होती. भारताने 18 मे 1974 रोजी पोखरणला चाचणी केली. अमेरिकेने 1978 साली अण्वस्त्रप्रसार रोखणारा कायदा केला आणि तारापूरचं इंधन अडलं. पुढे 1982 साली तोडगा निघाला आणि फ्रान्सने इंधन द्यायचं ठरलं. फ्रान्सनंतर 1990च्या दशकात चीनकडून आलं, 2001 साली रशियाकडून आलं.

या घटना नुसत्या ओळीने मांडल्या तरी अलिप्ततावाद म्हणजे काय, महासत्ता छोट्या देशावर दबाव कसा आणते, आणि छोटा देश दुसरं दार कसं शोधतो, हे सगळं समजतं. आपल्याविरुद्ध बोट दाखवणाऱ्या अमेरिकेने फ्रान्सला पुढे का केलं? ज्या चीनशी 1962 साली युद्ध झालं त्याच चीनने इंधन का दिलं? बारावीच्या मुलांना हे दोन प्रश्न द्या आणि आठवडाभर झगडू द्या.

यातच आणखी एक धागा आहे. 1982च्या जुलैमध्ये इंदिरा गांधी वॉशिंग्टनला गेल्या आणि तारापूरच्या इंधनाचा पेच सुटायला वाट मिळाली. याच इंदिरेला लहानपणी तिचे वडील तुरुंगातून जगाचा इतिहास शिकवत होते. 1930 ते 1933 या काळात नेहरूंनी तिला पत्रं लिहिली, 1934 साली त्यांचं पुस्तक झालं. हाताशी ग्रंथालय नव्हतं, वर्ग नव्हता, विद्यार्थिनी दूर होती. तरी शिकवणी झाली.

तारापूरचा धडा वीजनिर्मितीशी थांबत नाही. चौथी अणुभट्टी 2005 साली आली आणि तिसरी 2006 साली, त्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. विस्थापितांची नातवंडं आज याच भागात शिकत आहेत. राष्ट्राचा विकास कोणाच्या जमिनीवर होतो, हा जगाच्या इतिहासातला मोठा प्रश्न आहे. तो आफ्रिकेतल्या धरणापासून सुरू करायची गरज नाही. आजीला विचारा, लिहून घ्या, मग सरकारी कागद काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. साधनं तपासायची म्हणजे दुसरं काय करायचं असतं?

आता वसई. 1534 साली गुजरातच्या बहादूरशहाने ती पोर्तुगीजांना दिली. त्याच्यावर हुमायून चालून येत होता आणि त्याला समुद्रावरचा मित्र हवा होता. आग्र्याचं राजकारण आणि लिस्बनचं राजकारण वसईच्या खाडीत एकत्र आलं ते असं. चिमाजीअप्पांनी 1739 साली आधी तारापूर घेतलं, मग मे महिन्यात वसई. इथवर आपल्याकडे अभिमानाने सांगितलं जातं आणि ते योग्यच आहे. पण 31 डिसेंबर 1802चा वसईचा तह शिकवताना आपण 'तैनाती फौज' एवढं म्हणून पुढे जातो. त्या तहात एक कलम होतं : इंग्रजांशी वैर असलेल्या युरोपीय देशाची माणसं पेशव्याने चाकरीत ठेवायची नाहीत. हे कलम का आलं? शिंद्यांच्या फौजेत फ्रेंच सरदार होते. त्याच वर्षी मार्चमध्ये इंग्लंड आणि फ्रान्स यांनी आमियँला तह केला होता आणि तो टिकणार नाही याची धास्ती दोघांनाही होती. म्हणजे नेपोलियनची सावली वसईच्या कागदावर पडली होती. पुढच्याच वर्षी असईला मराठ्यांशी लढलेला आर्थर वेलस्ली बारा वर्षांनी वॉटर्लूला नेपोलियनशी लढला. एका कलमावरून मुलाला पुण्याहून पॅरिसपर्यंत नेता येतं. नेणारा हवा.

सोपाऱ्याबद्दल थोडक्यात सांगतो. अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा तिथे 1882 साली भगवानलाल इंद्रजींना मिळाला. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत या बंदराचं नाव आहे. रोमशी होणारा व्यापार शिकवायला याहून जवळची जागा कुठे मिळेल? तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठ आणि लग्नाच्या कर्जापोटी राबवून घेणारी लग्नगडीची पद्धत यांच्याविरुद्ध उठाव केला तो 1945 साली, दुसरं महायुद्ध संपलं त्याच वर्षी. गोदावरी परुळेकरांनी त्याची हकीकत 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहून ठेवली आहे. पालघरला 14 ऑगस्ट 1942 रोजी गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. तिथून रोज जाणाऱ्या किती मुलांना त्याच वर्षी सिंगापूर आणि रंगून पडलं होतं हे माहीत आहे? आणि इंग्रज सरकार त्या ऑगस्टमध्ये एवढं बिथरलेलं का होतं, हे त्यावरून कळतं, हे त्यांना कोणी सांगितलंय?

माझा राग आहे तो इथे. साधनांचा तुटवडा नाही. बारावीचं पुस्तक वाईट नाही. युरोपातलं प्रबोधन, वसाहतवाद, महायुद्धं, निर्वसाहतीकरण, शीतयुद्ध, सगळं त्यात आहे. बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. मराठी विश्वकोश इंटरनेटवर मोफत आहे आणि त्यातल्या इतिहासाच्या नोंदी आजही कुठल्याही गाइडपेक्षा सरस आहेत. कमी आहे ती शिकवण्याची इच्छा, आणि शिकवणं हे मोलाचं काम आहे असं मानणाऱ्या पालकांची. केमिस्ट्रीला वर्षाला हजारो रुपये मोजणारं घर इतिहासाच्या शिक्षकाला "आठवड्यातून एकदा जरा बघा की" म्हणतं आणि पैशाचा विषय काढत नाही. मग चांगला एम.ए. झालेला मुलगा इतिहास सोडून भूगोल, मराठी, मिळेल ते शिकवतो. त्याला दोष कसा देऊ?

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कितीतरी मुलं कला शाखेला जातात. इतिहास हा त्यांचा विषय आहे. फी भरून शिक्षक शोधणं त्यांच्या घरांना शक्यच नाही. म्हणजे ज्यांना हा विषय सर्वांत जास्त लागतो त्यांच्या वाट्याला गाइड येतं आणि मोबाइलवर आलेले चार मजकूर. राजा कोण होता, गद्दार कोण होता, कोणाचा बदला घ्यायचाय, हे त्यांना फोन शिकवतो. तपासून घ्यायची सवय कोणी लावली नाही, तर पोर काय करील?

तेव्हा शोधताय त्या पालकांना सांगतो. शिक्षकाकडे गेल्यावर नोट्स मागू नका, निकालाचे टक्के विचारू नका. मुलीने लिहिलेलं एक पान पुढे ठेवा आणि तपासायला सांगा. समासात तो काय लिहितो ते बघा. नुसती बरोबरची खूण आणि 'छान' असेल तर नमस्कार करून निघा. 'पुरावा?', 'कोण म्हणतं?', 'याच्या उलट बाजू काय?' असे शेरे दिसले तर फी विचारा आणि घासाघीस न करता द्या. भिंतीवर नकाशा नसेल तर तुम्ही घेऊन जा. पदवी बघा, पण तेवढ्यावर ठरवू नका. पालघरच्या सोनोपंत दांडेकर महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना भेटा, एम.ए. करणाऱ्या मुलामुलींना विचारा, पुण्यात स्पर्धा परीक्षेची तयारी करून परत आलेल्यांना विचारा. यूपीएससी सुटली नसेल, पण जगाचा इतिहास त्यांनी चार वर्षं घासलेला असतो. मुली तीन-चार असतील तर एकत्र या. एकटीपेक्षा गटात वाद होतो आणि इतिहास वादातच शिकला जातो.

आणि शेवटची विनंती पालघर, बोईसर, डहाणू, सफाळे इथल्या निवृत्त शिक्षकांना आहे. इतिहासाच्या, मराठीच्या, इंग्रजीच्याही. तारापूर केंद्रातून निवृत्त झालेल्या आणि वाचनाची आवड असलेल्या अभियंत्यांनाही, कारण 1974 ते 1982 चा तो काळ तुमच्यापैकी काहींनी आतून पाहिला आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ द्या. गावातल्या वाचनालयाचं टेबल मागून घ्या, दहा मुलं जमवा, त्यांतली पाच फी न देणारी असू द्या. दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पान लिहून घ्या आणि ते लाल शाईने वाचा. अकरावीचे वर्ग सुरू झाले की लगेच सुरुवात करा. दिवाळीपर्यंत थांबू नका.