टक्कल दिसतं, पडदा दिसत नाही

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवडच्या लोकांचे केस हातात यायला लागले आणि थेट आयसीएमआरचं पथक गावात उतरलं. पाण्याचे नमुने, रक्ताचे नमुने, कॅमेरे. मग रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर महिनाभर चर्चा. पुढे बऱ्याच जणांचे केस पुन्हा उगवलेही.

डोळ्याचा पडदा उगवत नाही. आणि तो जातो तेव्हा पथक येत नाही, कारण ज्याचा जातो त्यालाच पत्ता नसतो. मधुमेहात वाढलेल्या साखरेनं पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या झिरपतात, बुजतात. रक्ताविना उपाशी पडदा नव्या, कच्च्या वाहिन्या काढतो. त्या फुटल्या की डोळ्यात रक्त उतरतं. तोवर दुखत नाही, खुपत नाही. मग एक दिवस नजरेपुढे काळी जळमटं तरंगतात आणि आमचा माणूस चष्म्याचा नंबर बदलून येतो. ‘मोतीबिंदू असेल, पिकू द्या,’ म्हणणारे एक काका घरोघरी असतातच.

शेवटी खामगावहून अकोला, मलकापूरहून जळगाव. तिथे पहिला प्रश्न : ‘लेझर मारलं की दिसेल ना?’ नाही हो! कडेच्या पडद्याला हजार-दीड हजार बारीक डागण्या द्यायच्या, म्हणजे नव्या वाहिन्या सुकतात आणि उरलेली नजर टिकते. त्यात कडेचं आणि रात्रीचं थोडं कमी दिसतं, तो सौदा आहे. तो फायद्याचा असल्याचं अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीनं १९७६ सालीच दाखवलं : नजर पार जाण्याचा धोका निम्म्याच्या आसपास घटतो. ऐन मध्यभागी सूज असेल तर हल्ली आधी डोळ्यात इंजेक्शनं देतात, सुरुवातीला दर महिन्याला. एसटीचं भाडं वेगळं.

पुढाऱ्यांना मोतीबिंदूचं शिबिर फार आवडतं. काळ्या चष्म्यांची रांग, मध्ये साहेब, वर बॅनर. पडद्याच्या तपासणीत फोटोला काहीच नाही. थेंब टाका, अर्धा तास बसा, ‘ठीक आहे, पुढच्या वर्षी या.’ यावर बॅनर कोण लावणार?

तेव्हा साखर निघाली असेल तर चांगलं दिसत असतानाच पडदा तपासून घ्या, आणि मग दरवर्षी. थेंबांनी काही तास अंधुक दिसतं, म्हणून मोटारसायकल चालवायला पोराला सोबत न्या. जमल्यास त्याचीही साखर बघून घ्या.