हिंजवडीला जलमार्गाने कसे जावे

हिंजवडी हे मुळा नदीच्या डाव्या काठाजवळ, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून थोड्या अधिक उंचीवर वसलेले गाव आहे. राजीव गांधी इन्फोटेक पार्क, शिवाजी चौक आणि त्या चौकातली वाहतूक यांसाठी ते प्रसिद्ध आहे. गावाला जाणारे रस्ते सर्वांना ठाऊक आहेत, पण त्यांवरून किती वेळ लागेल हे कुणालाच सांगता येत नाही. जलमार्गाचे नेमके उलटे आहे. तो फारसा कुणाला ठाऊक नाही, पण वेळ मात्र चोख काढता येतो.

नदी शेवटी समुद्राला मिळते, तेव्हा समुद्रातली नौका नदीतून वर आणता यावी, हे तत्त्व पक्के आहे. मुळेची तऱ्हा मात्र निराळी. घाटाखालीच अरबी समुद्र असताना ती त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. दापोडीला पवनेला सोबत घेते, संगमावर मुठेला घेते आणि मुळा-मुठा या नावाने रांजणगाव सांडसला भीमेत शिरते. भीमा उजनी, पंढरपूर करत रायचूरजवळ कृष्णेला मिळते आणि कृष्णा बंगालच्या उपसागराला. म्हणजे हिंजवडीचे बंदर कोकणात नसून आंध्रात आहे, आणि तिथून गावापर्यंतची वाट हजार किलोमीटरहून लांब आहे.

प्रवासासाठी बारा मीटर लांब, चार मीटर रुंद आणि बुडाखाली सव्वा मीटर पाणी मागणारी मोटरनौका गृहीत धरावी. तिच्यात झोपायच्या दोन खोल्या, छोटा ओटा आणि एक न्हाणीघर मावते. हिंजवडीच्या टू बीएचकेपेक्षा ही जागा कमी असली तरी मेंटेनन्स तिथल्यापेक्षा कमी नसतो.

सुरुवात चांगली होते. कृष्णेच्या त्रिभुज प्रदेशात कालव्यांतून नावा चालवण्याची परंपरा जुनी आहे, आणि काकीनाडा ते पुद्दुचेरीचे कालवे व कृष्णेचा काही भाग यांना राष्ट्रीय जलमार्ग ४ असे भारदस्त नावही आहे. विजयवाड्याला १९५७ सालचे प्रकाशम बॅरेज लागते. त्याच्या पुढे नागार्जुनसागर, सुमारे १२४ मीटर उंच. त्याच्या पुढे श्रीशैलम, १४५ मीटर. दोन्ही धरणांवरून वीज खाली येते, पाणी खाली येते, पर्यटकही वर जाऊन खाली येतात. नौका वर नेण्याची सोय कुठेही नाही. ती करायची तर जलपाश, म्हणजे लॉक, बांधावे लागतील.

जलपाशाची कल्पना साधी आहे. चीनमधल्या कालव्यावर इ. स. ९८४ मध्ये तिचा पहिला वापर झाला आणि तत्त्वात त्यानंतर फारसा बदल झालेला नाही. नदीच्या खालच्या आणि वरच्या पातळीच्या मधे एक लांबट हौद असतो, दोन्ही टोकांना दरवाजे. नौका खालून आत येते, मागचा दरवाजा लागतो, वरच्या बाजूची झडप उघडते आणि पाणी आत येऊ लागते. पंप नाही, इंजिन नाही. पाणी स्वतःच्या वजनाने येते आणि नौकेला उचलते. दोन्ही पातळ्या सारख्या झाल्या की वरचा दरवाजा उघडतो. दरवाजाची दोन पाने प्रवाहाच्या वरच्या दिशेला टोक करून मिटतात, त्यामुळे पाण्याचा दाब वाढेल तशी ती आणखी घट्ट बसतात. हौद भरताना पाणी उसळते आणि नौका भिंतीवर आपटू पाहते. म्हणून खलाश्याने दोर काठावरच्या खुंट्याला एक वेढा देऊन हातात धरायचा असतो आणि नौका चढेल तसतसा ओढून घ्यायचा असतो. या वेळी मोबाइल पाहू नये.

एका जलपाशात तीन मीटर चढायचे म्हटले तर हिंजवडीपर्यंत १८३ जलपाश लागतात. प्रत्येकाला वीस मिनिटे धरली तर नुसत्या चढणीला ६१ तास. कागदावर हे भयंकर दिसते, पण जुलैतल्या शुक्रवारी संध्याकाळी वाकडच्या पुलाकडे निघालेल्या माणसाला त्यात विशेष वाटणार नाही.

खरी अडचण वेळेची नाही, पाण्याची आहे. वीस मीटर लांब, पाच मीटर रुंद हौदात तीन मीटर पाणी चढवायचे तर तीन लाख लिटर लागते. दहा हजार लिटरचे तीस टँकर. सुदैवाने हेच पाणी पायरीपायरीने खाली उतरत प्रत्येक जलपाशाच्या उपयोगी पडते, त्यामुळे तिसाला १८३ ने गुणावे लागत नाही. एप्रिलमध्ये एका टँकरसाठी सकाळपासून फोन करणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे समजावून सांगणे मात्र अवघड आहे. त्याला पनामा कालव्याचे उदाहरण द्यावे. १९१४ साली सुरू झालेल्या त्या कालव्यात जहाज गोड्या पाण्याने सुमारे २६ मीटर वर चढवून पलीकडे उतरवतात आणि एका जहाजामागे अंदाजे वीस कोटी लिटर पाणी समुद्रात जाते. म्हणजे वीस हजार टँकर. २०२३ मध्ये तिथे पाऊस कमी झाला तेव्हा जहाजांचीच संख्या कमी करावी लागली. हे ऐकून सेक्रेटरीला पनामाबद्दल आपुलकी वाटू लागते.

भीमेत शिरल्यावर प्रवास घरचा होतो. २०१६ च्या कायद्याने जाहीर झालेल्या १११ राष्ट्रीय जलमार्गांत भीमेचेही नाव आहे, पण नदीला ते अजून कळलेले नसावे. पंढरपूरला चंद्रभागा म्हणवणाऱ्या भीमेतल्या होड्या पाहून जरा धीर येतो. वारकऱ्यांना पैलतीरी नेणारी ही या मार्गावरची खरीखुरी चालू जलवाहतूक. उजनीला जाण्याआधी धरण प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, हे वर्तमानपत्रात पाहावे. ११७ टीएमसीच्या या धरणातले निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्यात मोडते, आणि उन्हाळ्यात पातळी फार उतरली की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते. नौकेच्या चालकाला कळसाची माहिती असलेली बरी.

नदीवर जागोजागी कोल्हापुरी पद्धतीचे बंधारे आहेत. जलपाशाच्या सर्वांत जवळ जाणारी देशी वस्तू हीच, कारण तिला दारे आहेत. पावसाळा संपला की खांबांच्या खाचांत लोखंडी ढापे बसवतात, पावसाच्या तोंडावर काढतात. ढापे बसलेले असतील तर नौका अडते, आणि काढलेले असतील तर पाणी अडलेले नसते. ढापे चोरीला गेल्याची बातमी आली तर त्या दिवशी मार्ग मोकळा समजावा.

पुण्यात शिरताना बंडगार्डनचा बंधारा लागतो. तो बांधायला एकोणिसाव्या शतकात जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले, पण नौकेसाठी नव्हे, शहराला पाणी मिळावे म्हणून. संगमाजवळ अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब आहे. तिथली वार्षिक रेगाटा हा पुणेकरांनी नदीकडे आपखुशीने पाहण्याचा दुर्मीळ प्रसंग. त्यापुढे खडकी, दापोडी, औंध आणि जलपर्णी. ही वनस्पती लांबून हिरवळ वाटते. तिची दोरखंडासारखी मुळे पंख्यात गुंडाळली की इंजिन गुरगुरते, मग गरम होते, मग गप्प होते. चाकू दातात धरून पाण्यात उतरणे हा यावरचा जगन्मान्य उपाय आहे. मुळेच्या पाण्यात तो कुणी सुचवत नाही.

ज्यांना एवढा वळसा नको त्यांच्यासाठी पश्चिमेकडचा जवळचा रस्ता आहे, आणि तो खोटा नाही. मुळेचे बरेचसे पाणी हिंजवडीला येतच नाही. मुळशी धरणात अडवलेले हे पाणी १९२७ पासून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडतात. तिथून ते कुंडलिकेला मिळते आणि कोलाड, रोहा करत रेवदंड्याच्या खाडीत उतरते. या धरणासाठी जमिनी जाणाऱ्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ पासून सत्याग्रह केला होता; मुळेला पश्चिमेची वाट मिळाली ती त्यांच्या भाताच्या खाचरांवरून. कुंडलिकाही कायद्याने राष्ट्रीय जलमार्ग आहे. तेव्हा भरती साधून कोर्लईचा किल्ला उजवीकडे ठेवत खाडीत शिरावे आणि रोह्यापर्यंत जावे. कोलाडच्या वर सकाळी पाणी सुटते तेव्हा समोरून हेल्मेट घातलेली, किंचाळणारी माणसे रबरी तराफ्यांतून येतात. त्यातली बरीचशी हिंजवडीचीच असतात, पत्ता विचारून घ्यावा.

भिऱ्याला नदी संपते आणि नळ सुरू होतात. वर पाचशे मीटरवर मुळशीचा जलाशय, मधे डोंगर, आणि डोंगरातून येणारे पाणी थेट टर्बाइनवर. भिऱ्याला पाणी पुन्हा वर चढवणारा पंपही आहे, पण त्यातून नौका जात नाही. समजा ती कशीही वर पोहोचलीच, तर मुळशी धरणाची ४८ मीटरची भिंत उतरून खाली यायचे असते. उतरताना जलपाशाचे नियम बदलतात. दोर पक्का बांधायचा नाही, नाहीतर पाणी खाली जाते आणि नौका भिंतीला टांगलेली राहते. हौदाच्या वरच्या टोकाला दरवाजाखाली दगडी उंबरा असतो. नौकेचा मागचा भाग त्यावर टेकला तर पुढचा भाग बुडतो. त्यापुढे पौड, घोटावडे आणि हिंजवडी. मुळशीतून विसर्ग नसेल तर या टप्प्यात सव्वा मीटर पाणी मिळणे कठीण.

गाव ना पुणे महापालिकेत, ना पिंपरी-चिंचवडच्या. ग्रामपंचायत, एमआयडीसी आणि पीएमआरडीए असे कारभारी आहेत. नांगर टाकायचा अर्ज तिघांनाही द्यावा. पावसाळ्यात पाणी रस्त्यावरच येते, २०२५ च्या जूनमध्ये ते सगळ्यांनी पाहिले. पण ते गुडघाभर असते आणि त्याखालचे खड्डे कोणत्याही नकाशात नाहीत, तेव्हा नौका नदीतच ठेवावी. काठापासून इन्फोटेक पार्कच्या फेज तीनपर्यंत रिक्षा करावी लागते, आणि मीटरने यायला कुणी तयार होत नाही.